दीड ते दोनच्या दरम्यान

क्रूझच्या तिकिटावर सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. बोट सुटणार शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता. दार बंद होणार साडेतीनला. आणि आम्ही चौघांनी बंदरावर हजर व्हायचं ते दुपारी दीड ते दोनच्या दरम्यान. बस, तीन ओळी. त्या तीन ओळींवर आमच्या घरात तीन आठवडे खल चालला. लेकीनं दहावीनंतर कुठली शाखा घ्यावी, यावरसुद्धा आम्ही एवढं बोललो नव्हतो.

अडचण अशी की आम्ही राहतो कोथरूडला आणि बोट लागते मुंबईत बॅलार्ड पिअरला. मध्ये एक घाट, एक द्रुतगती मार्ग आणि जवळजवळ अख्खी मुंबई. त्यामुळे ‘दीड ते दोन’ हे वाचायला सोपं असलं तरी गाठायचं कसं, हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न होऊन बसला.

सगळ्यात आधी सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, निकाल दिला. “आदल्या दिवशी जाऊया.”

आप्पा मूळचे मालवणचे. नोकरीनं पुण्यात आणून टाकलं त्याला पन्नासएक वर्षं झाली, पण बोट म्हटलं की त्यांच्या डोक्यात अजून भाऊचा धक्काच येतो. त्यांच्या तरुणपणी चाकरमानी तिथूनच बोटीनं गावाला जायचे. सकाळी निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड असं करत करत मालवणासमोर उभी राहायची. समोर म्हणजे खरोखरच समोर, समुद्रात. मग किनाऱ्यावरून पडाव यायचा आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या आणि एखादं रडणारं पोर, सगळं त्यात उतरवलं जायचं. या बोटीत डेकवर, आप्पांच्या भाषेत ‘तुतकावर’, नंबर बिंबर काही नसायचे. वळकटी उलगडून जो जितकी जागा पसरेल तितकी त्याची. त्यामुळे बोट सकाळची असली तरी माणसं रात्रीच धक्क्यावर येऊन बसायची.

“जो आधी येतलो, तेका जागा गावतली,” आप्पांनी समारोप केला.

“आप्पा, आपली खोली आहे. नंबरासकट. बाल्कनी आहे तिला,” मी म्हटलं.

“तां बोटीत गेल्यार कळतला.”

नवऱ्याचा सिद्धांत मोटारीचा होता. त्याचं सकाळी नऊला निघायचं ठरलेलं. घाट उतरायचा, अटल सेतू पकडायचा, शिवडीला बाहेर पडून फ्री-वेनं थेट खाली. गेले आठ दिवस रोज सकाळी नऊला तो फोनमध्ये हा रस्ता लावून बघत होता आणि चहा पिता पिता ‘तीन तास दहा मिनिटं’ असं समाधानानं जाहीर करत होता. एक दिवस ‘चार तास पंचावन्न’ आलं. बोरघाटात कुठलासा कंटेनर आडवा झाला होता. त्या दिवशी त्यानं चहा अर्धा टाकला. शिवाय तीन रात्री गाडी लावणार कुठे, हा प्रश्न मी विचारला, तेव्हा तो बराच वेळ माझ्याकडे असा बघत होता की जणू गाड्या मीच शोधून काढल्या.

लेक हिंजवडीला नोकरी करते. त्यामुळे तिला घड्याळापेक्षा ट्रॅफिक जास्त कळतो. तिचं मत अगदी उलटं. “सगळे घाबरून लवकर जातात. आपण तीनला जायचं. रांग संपलेली असते. पाच मिनिटांत आत.” हे वाक्य ऐकल्यावर आप्पांनी रक्तदाबाची गोळी वेळेआधीच मागून घेतली.

डोंबिवलीहून नणंदेचा फोन आला. “वहिनी, आदल्या दिवशी आमच्याकडे या. सकाळची गर्दी ओसरली की लोकलनं निवांत जाल.” डोंबिवलीची सकाळची गर्दी ओसरते कधी, असं मी विचारलं नाही. एकतर ती नणंद, त्यातून डोंबिवलीची. चार मोठ्या बॅगा आणि चौऱ्याऐंशीचे आप्पा घेऊन त्या लोकलमध्ये चढायचं, या कल्पनेनंच माझे खांदे दुखायला लागले. ती पुढे म्हणाली, “आणि मेगाब्लॉक बघून घ्या.” मी म्हटलं, “अगं, तो रविवारी असतो. आपलं शुक्रवारी आहे.” तर म्हणाली, “ब्लॉकला वार नसतो, वहिनी.” इतकं खरं वाक्य त्या तीन आठवड्यांत दुसरं कुणी बोललं नाही.

शेवटी समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनींना विचारलं. त्या दोन वर्षांपूर्वी सिंगापूरहून क्रूझ करून आल्या, तेव्हापासून जमिनीला ‘लँड’ म्हणतात. त्यांनी मात्र खरी माहिती दिली. “हॉटेलसारखंच असतं हो. सकाळी जुने लोक उतरतात, दुपारी नवे चढतात. मधल्या वेळात शेकडो खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या. म्हणून तर सगळ्यांना वेगवेगळी वेळ देतात. लवकर चढलात तर खोली मिळणार नाही, पण बुफे चालू असतो. मोठ्या बॅगा ते खालीच काढून घेतात, त्या संध्याकाळपर्यंत खोलीशी येतात. तेव्हा औषधं हातातल्या पिशवीत ठेवा.” आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या, “पहिल्या दिवसाचं दुपारचं जेवण आपल्याच पैशांत असतं. सोडू नका.”

हे शेवटचं वाक्य नवऱ्याच्या काळजाला भिडलं. चौघांचं जेवण! भरलेले पैसे! उशिरा जाण्याचा लेकीचा पक्ष त्या क्षणी पडला.

मग वजाबाकीनं उरली रेल्वे. पुण्याहून सकाळची प्रगती एक्सप्रेस साडेअकराच्या आत सीएसएमटीला सोडते. ती वेळ आम्हाला सोयीची होती म्हणून अर्थातच तिला वेटिंग. डेक्कन क्वीनची मात्र चार तिकिटं एका ओळीत मिळाली. सव्वासातला पुणे, दहा पंचवीसला मुंबई. म्हणजे दीडच्या वेळेसाठी तब्बल तीन तास आधी. “लेट होईलच की थोडी,” नवरा म्हणाला. १९३० पासून धावणारी गाडी आहे, आपल्या एका दिवसासाठी तासभर उशीर करायला तिला काय हरकत होती? पण नाही. दहा पंचवीसला ती सीएसएमटीला उभी होती. आप्पा डब्यातून असे उतरले, जणू गाडी त्यांनीच हाकत आणली.

खरं म्हणजे सीएसएमटीपासून बॅलार्ड पिअर दीडेक किलोमीटर. तेच दुखणं. पहिल्या चार टॅक्सीवाल्यांनी पत्ता ऐकून मान फिरवली. एवढ्या जवळच्या भाड्यासाठी चार बॅगा कोण चढवणार? पाचवा तयार झाला. आप्पा पुढे बसले. मी, नवरा आणि लेक मागे, मांडीवर एकेक बॅग. बॅगांमुळे मला बाहेरचं काही दिसत नव्हतं, आणि नवरा फोनमध्ये रस्ता लावण्यात गुंतला होता. त्या दोन मिनिटांत पुढे काय संभाषण झालं ते आम्हाला नंतर कळलं. ड्रायव्हरनं विचारलं, “कौनसा टर्मिनल? इंटरनॅशनल के डोमेस्टिक?” आप्पांनी विचार केला, गोव्याला जायचंय, म्हणजे डोमेस्टिक. आणि मुंबई बंदराचं डोमेस्टिक क्रूझ टर्मिनल नावाचं खरोखरच एक ठिकाण आहे. मांडव्याची रो-रो जिथून सुटते तिथे. भाऊच्या धक्क्यावर.

पंचवीस मिनिटांनी मासळीचा वास आला तेव्हा मी बॅग खाली केली.

“आप्पा, हे कुठे आलो?”

“धक्क्यार,” आप्पा शांतपणे म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बघून रागावताही येईना.

“आपली बोट इंटरनॅशनल टर्मिनलवर आहे!”

“गोवा १९ डिसेंबर १९६१ पासून आपलोच आसा,” आप्पा म्हणाले. यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. टॅक्सीवाला तर मनापासून मान डोलावत होता. त्याचा मीटर दुप्पट होणार होता.

परत फिरलो. पी. डि’मेलो रोडवर ट्रकांच्या मागे ट्रक. या रस्त्यावरच्या गोदीच्या फाटकांना रंगांची नावं आहेत. आम्हाला हवं होतं ग्रीन गेट. ऑरेंज गेट दिसलं, यलो गेट दिसलं, नवरा प्रत्येक फाटकाशी ‘हेच का?’ म्हणत होता. लेक शेवटी म्हणाली, “बाबा, इंद्रधनुष्य संपल्यावर सांगा.” फाटकं सगळी एकाच जुनाट रंगाची वाटली, ते असो.

बॅलार्ड पिअरला पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. २०२५ साली उघडलेलं नवं कोरं टर्मिनल, आणि त्याच्या मागे आमची बोट. बोट कसली, अकरा-बारा मजली सोसायटीच. आप्पा मान वर करून बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, “हेका पडाव खयसून लावतले?”

दारावरच्या जवानानं कागद बघितला, घड्याळ बघितलं, आणि आमच्याकडे बघितलं. “देड बजे.” बस्स. आतून आदल्या खेपेचे लोक बाहेर पडत होते, उन्हानं रापलेले, काहींच्या डोक्यावर अजून गवती हॅट. ते आमच्याकडे दयेनं बघत होते की हेव्यानं, ते कळलं नाही.

पावणेदोन तास काढायचे होते. बॅलार्ड इस्टेट ही वेळ घालवायला सुरेख जागा आहे, सरळ रेषेतल्या जुन्या दगडी इमारती, रुंद पदपथ, झाडं. जवळच १९२३ पासूनचं ‘ब्रिटानिया’ हे पारशी-इराणी हॉटेल आहे, तिथल्या बेरी पुलावाबद्दल मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. मी नुसतं त्या दिशेनं बघितलं. नवरा म्हणाला, “आत जेवण आहे ना आपलं. भरलेत पैसे.” झालं.

आणि तेवढ्यात लेकीनं फोनमध्ये वाचलं की बाहेरचे खाद्यपदार्थ बोटीवर चालणार नाहीत.

माझ्या पिशवीत एक किलो पातळ पोह्यांचा चिवडा होता. वीस डिंकाचे लाडू. दशम्या आणि चटणी, कारण समुद्रात पोटाला काय चालेल सांगता येत नाही. हे सगळं आता तपासणीत कुणीतरी काढून टाकणार? कोथरूडहून आणलेलं? आम्ही एका झाडाखाली बॅगांवर बसलो आणि कामाला लागलो. पहिला लाडू आनंदानं खाल्ला, दुसरा सवयीनं, तिसरा कर्तव्य म्हणून. उरलेले टॅक्सीवाल्यांना वाटले. एका टॅक्सीवाल्यानं विचारलं, “शादी है क्या?”

दीडला रांगेत उभे राहिलो तेव्हा कळलं की साडेअकराची वेळ असलेले लोक आत्ता येत होते, तीनची वेळ असलेले बाराला आले होते, आणि दीड ते दोनवाले, म्हणजे दिलेली वेळ पाळणारे, बहुधा आम्हीच होतो. रांगेत प्रत्येकाचा घरचा वाद ऐकू येत होता. “मी तुला म्हटलं होतं” हे वाक्य मी त्या तासाभरात मराठी, गुजराती, हिंदी आणि कन्नडमध्ये ऐकलं. कन्नड मला येत नाही, पण सूर ओळखता आला.

तपासणीत आप्पांची पिशवी अडली. अडकित्ता. चाळीस वर्षांचा, पितळी मुठीचा. “शार्प ऑब्जेक्ट,” असं सांगून त्यांनी तो पाकिटात घालून नावाची चिठ्ठी लावली आणि उतरताना मिळेल म्हणाले. आप्पांनी चिठ्ठीवरचं नाव स्वतः वाचून घेतलं. मग कातरलेल्या सुपारीची डबी खिशात चाचपून बघितली. ती त्यांनी सकाळी गाडीतच कातरून ठेवली होती. लवकर निघालेल्या माणसाला हे सुचतं.

आम्ही बोटीवर पाऊल ठेवलं तेव्हा दोन पन्नास झाले होते. बुफे अजून चालू होता. बिर्याणी, पनीर, पास्ता, सात प्रकारची सॅलड, जिलबी. चौघंही समोर उभे राहून बघत होतो. कुणाच्याही पोटात तिळाएवढी जागा नव्हती. नवऱ्यानं पैसे वसूल व्हावेत म्हणून एक जिलबी घेतली आणि ती हातात धरूनच खोलीपर्यंत आला.

पाचला सुटण्याआधी सगळ्या प्रवाशांची आपत्कालीन कवायत असते. भोंगा सात वेळा आखूड आणि एकदा लांब वाजतो, आणि आपण आपल्या ठरलेल्या जागी जमायचं. तिथे आमच्या शेजारी एक कुटुंब उभं होतं, अगदी ताजंतवानं. सहज विचारलं, कधी आलात? नाशिकचे होते. घाटात अडकले, सव्वातीनला टॅक्सीतून उतरले, समोर कुणीच नव्हतं, आठ मिनिटांत आत. लेकीनं माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. न बोलण्याचं तिचं हे वळण आजीकडून आलंय.

बोट सुटली. डेकवरून आप्पा भाऊचा धक्का शोधत होते. कुणीतरी दाखवला, की तो दुसराच कुठला होता, माहीत नाही, पण त्यांनी हात केला.

मग सव्वासहाला लक्षात आलं की आप्पा दिसत नाहीत. खोलीत नाहीत, बाल्कनीत नाहीत, तलावाकाठच्या खुर्च्यांवर नाहीत. जीव घाबरा झाला. बारा मजले आणि हजारो माणसं. नवरा वर धावला, लेक खाली. मला ते सापडले सहाव्या मजल्यावर, जेवणाच्या हॉलच्या बंद दारासमोर. आमच्या पंगतीची वेळ साडेसातची होती. तिथल्या सोफ्यावर आप्पांनी शाल पसरली होती, पण चेहरा पडलेला होता. शेजारी त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसले होते, दाराच्या बाजूला, म्हणजे पहिले.

“काय झालं, आप्पा?”

“हे माझ्या आधी इले,” आप्पा पुटपुटले.

ते गृहस्थ माझ्याकडे बघून हसले. वेंगुर्ल्याचे होते.

“सव्वापाचाक येऊन बसलंय,” ते म्हणाले.