चर्चमधली 'कपाटवाली पेंटिंग्ज' रोज उघडायचे? नाही हो

एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. मध्ययुगात युरोपातल्या चर्चमधे वेदीच्या (म्हणजे पूजेच्या टेबलाच्या) मागे दारं असलेली मोठी पेंटिंग्ज असायची, आपल्या देवळाच्या गाभाऱ्यासारखी ती रोज मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेळी उघडायचे, अडाणी लोकांना त्यातून बायबल शिकवायचे आणि मग धूळ बसू नये म्हणून बंद करायचे. वाचायला छान आहे, पण बरंचसं चुकीचं आहे.

पहिलं म्हणजे रोज उघडायचे हे. उलट आहे, वर्षातले बहुतेक दिवस ती बंदच असायची आणि मिस्सा बंद दारांसमोरच व्हायचा, कारण मिस्साला वेदी लागते, मागचं चित्र उघडं असलंच पाहिजे असं काही नाही. नाताळ, ईस्टर, मोठ्या संतांचे सण, तेव्हा उघडायचे. जर्मनीत न्युरेंबर्गच्या सेंट लोरेन्झ चर्चमधे सेवकासाठी 1493 ची कामांची वहीच आहे, कुठल्या सणाला कुठली वेदी (या मागच्या पेंटिंगलाही वेदीच म्हणतात) उघडायची वगैरे. ऑस्ट्रियात सेंट वोल्फगांग गावी मिखाएल पाखर या कलाकाराने 1481 मधे पूर्ण केलेली वेदी अजून त्याच चर्चमधे आहे, तिला दारांच्या दोन जोड्या. साध्या दिवशी संत वोल्फगांगची चार चित्रं, रविवारी ख्रिस्ताच्या आयुष्यातली आठ, आणि सणाला सगळं उघडून आत मेरीच्या राज्याभिषेकाचं सोनेरी लाकडी कोरीवकाम.

धुळीचं म्हणाल तर आतलं जपलं जायचं हे खरं, पण तेवढ्यासाठीच दारं असती तर बाहेरच्या बाजूवर एवढी मेहनत कोण घेईल? ईझेनहाइमची वेदी बघा, ग्रुनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने 1512 ते 1516 मधे रंगवलेली. बंद असताना समोर क्रूसावरचा येशू दिसतो, हिरवट पडलेलं अंग, कातडीत घुसलेले काटे, ताठरलेली वाकडी बोटं, वजनाने वाकलेलं आडवं लाकूड. ही वेदी सेंट अँथनीच्या पंथाच्या मठातली, तिथे बुरशी लागलेल्या राय धान्यामुळे हातपाय सडणाऱ्या रोग्यांची सेवा व्हायची, म्हणजे हे कव्हर नव्हतं, हेच त्यांचं रोजचं चित्र होतं. आतमधे प्रकाशात न्हालेलं येशूचं पुनरुत्थान (मरणानंतर पुन्हा जिवंत होणं), आणि त्याच्याही आत संत अँथनीची लाकडी मूर्ती.

शिकवणीचा मुद्दा तर अगदीच ढोबळ. पोप ग्रेगरीने साधारण इ.स. 600 च्या सुमारास अक्षरओळख नसलेल्यांना चित्रं उपयोगी पडतात असं लिहिलं खरं, पण ते या दारवाल्या वेद्यांच्या कितीतरी शतकं आधी. बेल्जियममधल्या गेंटची 1432 ची, वान आइक या चित्रकाराची वेदी योस फिएट या श्रीमंत माणसाच्या स्वतःच्या चॅपलमधे (चर्चमधल्या छोट्या प्रार्थनेच्या दालनात) होती, तिथे त्याच्या आणि बायकोच्या आत्म्यासाठी रोज मिस्सा व्हावा म्हणून त्याने पैसे लावले होते. गावाची शाळा नव्हती ती. (गोव्यातल्या चर्चमधलं डोळ्यासमोर आणू नका, ते सोनेरी वेदीकाम एका जागी फिक्स असतं.)

गैरसमज होतो कारण आपण सगळं एकदम उघडं बघतो. गेंटची काही दारं 19व्या शतकात बर्लिनला गेली, तिथे 1894 मधे दोन्ही बाजू एकत्र दाखवता याव्यात म्हणून चक्क करवतीने जाडीतून उभी चिरली. ईझेनहाइमची वेदीसुद्धा आता फ्रान्समधल्या कोल्मारच्या म्युझियममधे सुटी करून मांडलेली आहे, चालत चालत सगळे थर बघता येतात. आणि पोलंडमधल्या क्राकोमधे फाइट श्टॉस या शिल्पकाराची वेदी ठरलेल्या वेळी समारंभाने उघडतात, ती टूरिस्टांसाठी.