नवा कोरा जुना यंत्रमानव

१९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटातला आर टू-डी टू नावाचा बुटका, गोल डोक्याचा यंत्रमानव ज्यांनी पहिल्यांदा घडवला, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे आणि थोडी असूयाही आहे. असूया अशासाठी, की त्यांना कशाची नक्कल करायची नव्हती. व्हिकर्स व्हायकाउंट या जुन्या प्रवासी विमानातले, प्रवाशांच्या डोक्यावर असणारे वाचनाचे दिवे त्यांनी या पठ्ठ्याच्या डोक्यावर बसवले आणि ती हाताला लागलेली वस्तूच पुढे जगभरच्या हौशी मंडळींसाठी प्रमाण ठरली. सांगलीत बसून तसाच यंत्रमानव करू पाहणाऱ्या माणसाला ही मुभा नाही. त्याच्यापुढे मिलिमीटरपर्यंत मापे दिलेले नकाशे असतात, आणि विमानाच्या दिव्यांचे म्हणाल, तर सांगलीजवळच्या कवलापूरच्या विमानतळाची चर्चा मी अनेक वर्षे ऐकतो आहे. परंतु चर्चेतून दिवे काढून आणता येत नाहीत.

डोक्याचा व्यास सुमारे १८ इंच. एवढ्या मापाची खोल कढई मिळाली तर निम्मे काम होईल, असे वाटून मी भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने ‘किती पानांचं जेवण आहे?’ असे आपुलकीने विचारले. कढई उपडी करून तिच्या बुडाची गोलाई मी पट्टीने मोजू लागलो, तेव्हा ती आपुलकी आटली. मग कोणीतरी मिरजेला जाण्याचा सल्ला दिला. तिथल्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यांसाठी पंढरपूरकडून येणारे जंगी भोपळे टांगलेले असतात आणि त्यांतला एखादा अर्धा कापला तर सुरेख घुमट होईल, यात शंका नव्हती. मात्र तारा न लावता त्याला चाके लावायची आहेत हे ऐकल्यावर तिथल्या वयोवृद्ध कारागिरांनी भोपळा माझ्या हातातून अलगद काढून घेतला. शेवटी कुपवाडच्या एमआयडीसीत पत्रा फिरवून गोल करणाऱ्या एका गृहस्थांनी अ‍ॅल्युमिनियमचे डोके करून दिले आणि बिलावर ‘झाकण, मोठे, नग १’ असे लिहिले. हे बिल मी जपून ठेवले आहे.

धड त्या मानाने सोपे. प्लायवूडची कडी कापायची आणि त्यांच्याभोवती सनबोर्ड गुंडाळायचा. खरी परीक्षा सुरू होते ती सांध्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरल्यावर. आमचे डेंटिंग-पेंटिंगवाले मिस्त्री लांबी भरलेल्या सांध्यावरून डोळे मिटून बोटांची टोके फिरवतात आणि मला काहीही दिसत नसलेल्या जागी पेन्सिलीने एक बारीक गोल काढतात. त्या गोलावर पुन्हा लांबी, पुन्हा पाणी, पुन्हा चारशे नंबरचा पेपर. घासून घासून माझ्या बोटांवरचे ठसे इतके पुसट झाले, की रेशन दुकानातल्या यंत्राने मला ओळखण्यास नकार दिला.

रंगाच्या दुकानात मी ‘निळा’ म्हणताच काउंटरवरच्या मुलाने शेड कार्ड पंख्यासारखे उघडून माझ्यापुढे धरले. मला हवा असलेला निळा त्यात असणे शक्यच नव्हते, कारण तो निळा उन्हात एक दिसतो आणि ट्यूबलाइटखाली जांभळ्याकडे झुकतो. तो साधण्यासाठी जाणकार लोक आधी चंदेरी थर देतात व त्यावर पारदर्शक निळा चढवतात. एवढ्या खटाटोपानंतर पहिला तुकडा वाळला, तेव्हा शेजारच्या कॉलेजकुमाराने चित्रपटातले अवकाशयानाचे दृश्य मोबाइलवर थांबवून दाखवले. ‘काका, हा तर काळा आहे.’ त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ती दृश्ये निळ्या पडद्यापुढे चित्रित करीत आणि नंतर पडद्याचा निळा काढून तिथे तारे भरीत, त्यामुळे पहिल्या चित्रपटात अवकाशातल्या प्रसंगांत या यंत्रमानवाचे निळे भाग काळे दिसतात. मी हे सविस्तर समजावून सांगितले. ‘म्हणजे काळा पण चालला असता,’ असा निष्कर्ष काढून तो क्लासला निघून गेला.

ऐन पावसाळ्यात क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मारू नये, हे मिस्त्रींचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतला ओलावा तिथे उतरतो आणि रंगावर पांढुरकी साय धरते. म्हणून आम्ही उन्हाळ्यापर्यंत थांबलो. पण उन्हाळ्याच्या तोंडावर सांगलीत नवी हळद येते आणि मिस्त्रींच्या वर्कशॉपच्या भिंतीला भिंत लावून हळदीची गिरणी आहे. पांढऱ्या रंगाचा शेवटचा हात देऊन आम्ही चहाला गेलो, तेवढ्यात वाऱ्याने आपले काम केले. परत येऊन पाहतो तो दोन्ही पाय घोट्यापासून खांद्यापर्यंत पिवळे. वर्कशॉपमधल्या पोराने तत्परतेने कपड्यांचा साबण लावून ते धुतले. हळदीतले कर्क्युमिन क्षारात तांबडे होते आणि हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणामुळे, हे ज्ञान मला त्या क्षणी प्रात्यक्षिकासह मिळाले. सौभाग्यवतींनी फोटो पाहून ‘हळद झाली, कुंकू झालं, आता वाण काय लुटणार आहात?’ एवढेच विचारले. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या २०१५ सालच्या चित्रपटासाठी असेच यंत्रमानव घरी करणाऱ्या दोघा ब्रिटिश हौशी लोकांना निर्मात्यांनी बोलावून कामावर घेतले होते, हे मी तिला पूर्वी मोठ्या उमेदीने सांगितले होते. त्या दोघांच्या पगाराची चौकशी ती अजूनही अधूनमधून करते.

पाय पुन्हा घासले, पुन्हा रंगवले, आणि एका सकाळी तो साडेतीन फुटी ऐवज असा झळकू लागला, की रस्त्याने जाणारे दुचाकी थांबवून पाहू लागले. आता फक्त तो मळवायचा राहिला होता. पहिल्या ‘स्टार वॉर्स’मधल्या वस्तू वापरून झिजलेल्या दिसाव्यात, असा दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांचा आग्रह होता. त्यामुळे चकचकीत यंत्रमानव हा अपुरा यंत्रमानव समजला जातो. पाण्यात कालवलेला काळपट तपकिरी रंग सर्वांगाला फासायचा आणि वाळायच्या आत फडक्याने पुसायचा, म्हणजे खाचांत मळ धरून राहतो, अशी त्याची रीत आहे. मिस्त्रींनी ती शांतपणे ऐकून घेतली.

‘साहेब, एक ओरखडा दिसला तर गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं,’ ते म्हणाले. ‘तुम्ही पैसे देऊन घाण करणार?’

मी डबा उघडला, ब्रश बुडवला आणि गुडघ्यापाशी पहिला फटकारा मारण्यासाठी वाकलो. मिस्त्रींनी हात आडवा घातला. पायाच्या आतल्या बाजूला त्यांनी सवयीप्रमाणे वर्कशॉपचे नाव आणि मोबाइल नंबर असलेला स्टिकर लावला होता. तो नखाने सावकाश, रंगाला धक्का न लावता सोलून त्यांनी खिशात घातला.

‘हां,’ ते म्हणाले, ‘आता फासा.’