‘वासा’ शिल्पांच्या भाराने बुडालं नाही

‘स्वीडनच्या राजाने हौसेपायी युद्धनौकेच्या पिछाडीवर सोन्याने मढवलेली निरुपयोगी शिल्पं लादली आणि पहिल्याच फेरीत ती बुडाली.’ ‘वासा’च्या फोटोखाली हे वाक्य हमखास असतं. बुडाली हे खरं. १० ऑगस्ट १६२८, स्टॉकहोमचं बंदर, जेमतेम १,३०० मीटरचा प्रवास. बाकीचं तपासून बघू.

आधी वजन. लहानमोठी मिळून सुमारे ७०० शिल्पं होती. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण त्यांतली बरीचशी लिंडेनच्या हलक्या, मऊ लाकडातली. जहाज मात्र १,२०० टनांचं, आणि एकट्या तोफाच सुमारे ७० टन. वजन वर चढलं ते मुख्यतः सांगाड्यामुळे: तोफांचे दोन मजले, जाडजूड तुळया, पाण्याबाहेर उंच उठलेली बांधणी आणि त्या मानाने अरुंद बूड. तोल सावरायला तळाशी आणखी दगड भरावेत, तर खालच्या तोफांच्या खिडक्या पाण्याला टेकणार. निघण्याआधी तीस माणसं डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवली, तेव्हा जहाज इतकं डुललं की तिसऱ्या फेरीनंतर ॲडमिरल फ्लेमिंगने चाचणीच थांबवली. आणि तरीही जहाज सोडलं! वाऱ्याचा झोत आला, जहाज कललं, उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं. संपलं.

नक्षीच जहाजं बुडवत असती, तर इंग्लंडचं ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ कधीच तळाला गेलं असतं. १६३७ सालचं, नखशिखान्त सोनेरी कोरीवकामाचं. ते जवळजवळ साठ वर्षं टिकलं आणि १६९७ मध्ये जळालं, बुडालं नाही.

सोन्याचं म्हणाल, तर मुलामा काही ठिकाणी होता. बाकी सगळं भडक रंगांत रंगवलेलं, पार्श्वभूमी लाल. आपल्याकडच्या रथांच्या लाकडी मूर्ती आठवा.

आणि निरुपयोगी? राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ तेव्हा पोलंडशी लढत होता, आणि पोलंडच्या गादीवर त्याचाच चुलतभाऊ. पिछाडीच्या माथ्यावर दोन ग्रिफिन (गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेले काल्पनिक प्राणी) छोट्या गुस्तावच्या डोक्यावर मुकुट धरून उभे आहेत. स्वीडनच्या गादीचा खरा हक्कदार कोण, हे अक्षरओळख नसलेल्यालाही कळावं म्हणून. पुढच्या टोकाला पोलिश सरदार बाकाखाली दबून बसलेला कोरलाय. खलाशांचे संडासही तिथेच होते. जागा निवडणाऱ्याला दाद द्यायला हवी.