बर्फ वितळतोच, मग उचलायचा कशाला?

कॅनडातलं माझं शहर मॉन्ट्रियल, तिथल्या बर्फसफाईचं मागे एका लेखात कौतुक केलं, त्यावर टोरंटोच्या एका वाचकाने चांगलंच झाडलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "बर्फ वितळतो. बाजूला ढकलला की काम भागतं. तुमचं शहर तो ट्रकांत भरून गावभर फिरवतं आणि लोकांचे कोट्यवधी डॉलर पाण्यात घालतं, तेही अक्षरशः. आपल्याकडच्या नालेसफाईसारखंच कंत्राटदारांचं कुरण आहे हे, आणि तुम्ही त्याची आरती ओवाळताय. शिवाय 'रातोरात रस्ते मोकळे होतात' ही शुद्ध थाप आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये मी तिथेच होतो."

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे माझी बाजू लंगडी आहे. रातोरात मोकळे होतात ते मुख्य रस्ते, आणि तेही फक्त नांगर (समोर पातं लावलेली, बर्फ लोटणारी गाडी) फिरवून. बर्फ कडेला लोटला जातो, एवढंच. तो उचलून नेण्याचं काम वेगळं. साधारण 10 ते 15 सेंटीमीटर साठला की ते सुरू होतं आणि बऱ्यापैकी मोठं वादळ असेल तर चार-पाच दिवस चालतं. फेब्रुवारी 2025 मध्ये चार दिवसांत लागोपाठ दोन वादळं आली, 70 सेंटीमीटरच्या वर बर्फ पडला, आणि मग थंडी हटेना. दोन आठवडे होत आले तरी काही गल्ल्यांत छातीएवढे ढीग होते. तुम्ही पाहिलंत ते खरंच आहे. मी लिहिताना एका बऱ्या वर्षाच्या आठवणीवर विसंबलो.

पण "वितळतोच की" हे पटत नाही. कधी वितळतो, हा प्रश्न आहे. तुमच्याकडे ओंटारिओ सरोवराची ऊब आहे. जानेवारीतही मधूनच पारा शून्याच्या वर जातो, रिमझिम पाऊस येतो, ढीग खचतो. आमच्याकडे जानेवारीचं सरासरी तापमान उणे दहाच्या आसपास, आणि हंगामात पडणारा बर्फ दोन मीटरच्या वर, म्हणजे तुमच्या जवळजवळ दुप्पट. डिसेंबरात कडेला ढकललेला बर्फ मार्चपर्यंत तिथेच बसून राहतो. नुसता बसत नाही, दबून दगड होतो. दुसऱ्या वादळाचा बर्फ त्याच्यावर, तिसऱ्याचा त्याच्यावर. माझ्या मोहल्ल्यातले रस्ते जुने, दोन्ही बाजूंना गाड्या, तिमजली घरांचे लोखंडी जिने थेट फुटपाथवर उतरलेले. ढीग दोन-दोन फूट आत सरकला की आधी पार्किंग जातं, मग एक मार्गिका जाते, मग बस अडकते, शेवटी ॲम्ब्युलन्स. इथे बर्फ उचलतात तो पुढच्या वादळाला जागा करून ठेवायला. हंगामात पाच-सहा वेळा तरी हे करावं लागतं.

हे मला पहिल्या हिवाळ्यात कळलं नव्हतं. संध्याकाळी कामावरून आलो, बर्फाच्या ढिगात रोवलेली नारिंगी पाटी पाहिली, फ्रेंच वाचायचा कंटाळा केला आणि झोपलो. रात्री कधीतरी रस्त्यावर भोंगा वाजत होता. मला वाटलं, पोलीस असतील. सकाळी गाडी गायब. चोरीला गेली म्हणून मी हवालदिल, आणि शेजारच्या आजींना हसू आवरेना. तो भोंगा टो ट्रकचा होता, "गाड्या काढा" म्हणून शेवटचा इशारा. माझी गाडी दोन गल्ल्या पलीकडे, आधीच साफ झालेल्या रस्त्यावर सुखरूप उभी, काचेवर दंडाची पावती. आता भोंगा वाजला की बिछान्यातून किल्ली घेऊनच उठतो.

ती मिरवणूक मात्र एकदा बघाच. पुढे छोटं पट्ट्यांवर चालणारं यंत्र फुटपाथवरचा बर्फ रस्त्यावर ओढतं, मागून मोठे नांगर त्याची लांबलचक रांग लावतात. मग ते राक्षसी यंत्र येतं, बर्फ गिळून बाजूने चालणाऱ्या ट्रकात फवाऱ्यासारखं ओतणारं. त्याच्यापुढे एक माणूस पायी चालतो, ढिगाशी कोणी नाही ना हे बघत. पोरं ढिगांत बोगदे खणतात, म्हणून. हे यंत्र इथलंच बरं का. आर्थर सिकार नावाच्या गृहस्थांनी मळणीयंत्र पाहून त्याची कल्पना काढली आणि 1927 मध्ये पहिलं यंत्र विकलं ते इथल्याच उत्रमाँ गावाला. आज तो मॉन्ट्रियलचा एक भाग आहे. धान्य मळायच्या यंत्रातून बर्फ मळायचं यंत्र!

ट्रक जातात कुठे, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पैशांचा हिशेब तिथेच आहे. पूर्वी सरळ सेंट लॉरेन्स नदीत ओतायचे. स्वस्त आणि सोपं. पण रस्त्यावरच्या बर्फात मीठ असतं, तेल असतं, टायरचा चुरा असतो. क्यूबेक सरकारने 1997 मध्ये नियम केला आणि हळूहळू ते बंद झालं. आता काही बर्फ गटाराच्या तोंडांतून खाली सोडतात, सांडपाण्याच्या उबेने तो वितळतो. बाकीचा साठवायच्या मैदानांत. सगळ्यांत मोठी जागा म्हणजे सें-मिशेल भागातली फ्रांकों ही चुनखडीची जुनी खाण. तिथला काळवंडलेला डोंगर भर उन्हाळ्यातही शिल्लक असतो. 'वितळतोच' म्हणणाऱ्याने तो जुलैत बघावा.

खर्च वर्षाला 20 कोटी डॉलरच्या घरात जातो आणि त्यात सुमारे 10 हजार किलोमीटर रस्ते आणि फुटपाथ येतात. जास्त आहे का? आहेच. कंत्राटदारांबद्दलचा तुमचा संशयही हवेतला नाही. कंत्राटं तपासणाऱ्या शहराच्याच महानिरीक्षकांनी 2015 मध्ये बर्फाच्या कंत्राटांत साटंलोटं होत असल्याचं अहवालात लिहिलं. तो भाग मी मूळ लेखात घ्यायला हवा होता. पण कंत्राटात खाबूगिरी झाली म्हणून काम अनावश्यक ठरत नाही. मुंबईत नालेसफाईवर कितीही बोटं दाखवली गेली, तरी नाले तसेच ठेवा असं कोणी म्हणत नाही.

आणि टोरंटोचा दाखला देताय, तर जानेवारी 1999 विसरू नका. ढकलायला जागाच उरली नाही तेव्हा तुमचे महापौर मेल लास्टमन यांनी लष्कर बोलावलं. त्यावरून उरलेला कॅनडा आजही तुम्हाला चिडवतो. मीही आत्ता तेच केलं, माफ करा. फुटपाथचं घ्या. मध्य टोरंटोतल्या बऱ्याच घरमालकांना 2021 पर्यंत दारापुढचा फुटपाथ स्वतः साफ करावा लागे. आमच्याकडे ते काम शहराचं. म्हातारं माणूस एकटं राहत असेल तर हा फरक केवढा आहे, हे त्या आजींना विचारा.

तरीही एका बाबतीत तुमच्या टीकेपेक्षा मीच कडक आहे. सगळी यंत्रणा बर्फासाठी बांधलेली आहे, आणि त्रास देतो तो पडून गोठणारा पाऊस. दुपारी पाणी, रात्री उणे अठरा, सकाळी फुटपाथ म्हणजे काच. तेवढ्या थंडीत मीठ चालत नाही, खडी टाकतात आणि तीही उशिरा पोचते. गाडीवाल्यांचं निभावतं, चालणारे पडतात. मागच्या लेखात मी सगळं गाडीच्या काचेतून पाहिलं होतं, चालणाऱ्यांचा उल्लेखही नव्हता.

मूळ लेखातलं 'रातोरात' खोडून 'चार-पाच दिवसांत, आणि वाईट वर्षी त्याहून कितीतरी जास्त' असं केलं आहे. चालणाऱ्यांवर वेगळं लिहीन, पण आधी माझा जिना खणून काढतो. आज पहाटेपासून पुन्हा सुरू झालाय.