गुळगुळीत शिवराईची किंमत

गेल्या आठवड्यात भाचीने व्हॉट्सॲपवर एका तांब्याच्या नाण्याचे दोन फोटो पाठवले. तिच्या सासरी देवघरात, कुंकवाच्या करंड्याखाली, ते कित्येक वर्षे पडून होते. "मावशी, हे महाराजांच्या काळातलं आहे ना? याचे किती येतील?" असा प्रश्न होता. मी कळवले की ही दुदांडी, म्हणजे दोन रेघांची, शिवराई आहे, महाराजांनंतर पुष्कळ वर्षांनी पाडलेली आहे, आणि इतक्या घासलेल्या नाण्याचे कोणी शंभर रुपये दिलेच तर घासाघीस न करता घ्यावेत. हे उत्तर तिला फारसे रुचले नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांनी काढलेले तांब्याचे नाणे; ते सुरू झाले १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास. एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस दोन ओळींत 'छत्र पति', एवढाच मजकूर. हाच मजकूर पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही चालू राहिला, आणि पेशवाई बुडाल्यानंतरही ही नाणी खेडोपाडी हातोहात फिरत होती. बहुतेक शिवराई नाण्यांवर ना साल असते ना टांकसाळीचे नाव, त्यामुळे नाण्यावर 'शिव' वाचता आले म्हणून ते रायगडावरून आले असे ठरत नाही. अक्षरांचे वळण, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ ('शिव'ही सापडते आणि 'सीव'ही), कडेच्या ठिपक्यांचे वर्तुळ आणि वजन या सगळ्यांवरून जाणकार अंदाज बांधतात. ओळींच्या मध्ये दोन आडव्या समांतर रेघा दिसल्या की ती दुदांडी, म्हणजे पेशवाईच्या उत्तरकाळातली. नाणे गुळगुळीत झाले की नेमक्या याच खुणा आधी जातात. अशा वेळी प्रामाणिक माणसाने 'शिवराई, काळ सांगता येत नाही' एवढेच म्हणावे. पुण्याच्या जुन्या बाजारात मात्र मला हे वाक्य आजवर एकदाही ऐकू आलेले नाही. तिथे सपाट झालेली प्रत्येक चकती "ताई, महाराजांच्या काळातलं आहे" असे सांगूनच पुढे केली जाते, आणि अक्षरे जितकी कमी तितकी ग्वाही अधिक.

मी मुद्दाम झिजलेलीच नाणी जमवते. आरंभी ते खिशाला परवडत होते म्हणून. आता तीच पाहायला मला अधिक आवडतात म्हणून. मात्र प्रत्येक अपुरे नाणे झिजलेले नसते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. शिवराईच्या तांब्याच्या चकत्या हाताने तोडलेल्या, ओबडधोबड आणि ठशापेक्षा लहान असत, त्यामुळे पूर्ण मजकूर पहिल्या दिवसापासूनच चकतीवर मावत नसे. 'श्री'चे डोके कडेपाशी सुरीने कापल्यासारखे एकदम तुटले असेल, तर ती झीज नव्हे, तिथे धातूच नव्हता. अक्षर जागच्या जागी हळूहळू बुडत गेले असेल, त्याचा कणा उरला असून वेलांटी विरली असेल, तर ती झीज. पहिल्या प्रकारचे नाणे अर्धेच दिसूनही उत्तम स्थितीतले असू शकते, आणि जाणकार त्याला तसा भाव देतो.

माझ्याकडे एक शिवराई आहे जी दिवसाच्या उजेडात निव्वळ तपकिरी चकती दिसते. खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी नाण्याच्या कडेशी आडवी धरली, की मधल्या ओळीतला एक काना आणि त्याच्या डावीकडे 'र'ची गाठ सावलीतून वर येते. तेवढ्यावरून ती ओळ 'राजा'ची, आणि तेवढ्यावरून वरची बाजू कोणती ते ठरले. मागची बाजू पूर्ण गेलेली आहे. या नाण्याचे मी साठ रुपये दिले होते आणि आज विकायला काढले तरी साठच येतील. मोडीत घातले तर चहाचेही पैसे सुटणार नाहीत. पण एवढे तांबे झिजायला ते किती कनवटींतून, किती दुकानदारांच्या गल्ल्यांतून गेले असेल, याचा विचार मी ते हातात घेतले की प्रत्येक वेळी करते. हा माझा छंद आहे, नाण्याचा भाव नव्हे. या दोहोंची गल्लत विकणाऱ्याने करू नये आणि घेणाऱ्यानेही.

भावाचे गणित एका अमेरिकन संग्राहकाने फार उघडपणे मांडले होते. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी श्रेणी आखली. त्यामागची कल्पना अशी होती की १ श्रेणीच्या, म्हणजे जेमतेम ओळख पटणाऱ्या नाण्याला जो भाव, त्याच्या सत्तरपट भाव ७० श्रेणीच्या निर्दोष नाण्याला मिळावा. हे गणित बाजाराने लवकरच मोडले, आकडे मात्र जगभर टिकले. तिकडे आता नेमकी १ श्रेणीचीच नाणी जमवणारे लोकही आहेत, आणि सगळ्यांत वाईट संच कोणाचा यावरून त्यांच्यात चुरस असते. मला हे लोक अगदी जवळचे वाटतात.

चांदीच्या रुपयाची गोष्ट निराळी, कारण तिथे धातू पाठीशी असतो. ब्रिटिश अमदानीतला रुपया नवा असताना एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम भरे आणि त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी असे. दोन टक्क्यांहून अधिक वजन घटले की तो कायदेशीर चलन राहत नसे. माझ्या आजीच्या डब्यातला राणीछाप रुपया ११.२ ग्रॅम भरतो, म्हणजे त्या नियमाने तो केव्हाच बाद. त्यावर १८६२ हे साल आहे, पण तेही नुसते नावाला, कारण तेच साल घालून पुढे अनेक वर्षे रुपये पाडले जात होते. कोणता कधीचा हे बारीक ठिपके मोजून ओळखतात, आणि आजीच्या रुपयावरचे ठिपके उरलेले नाहीत. सराफाने तो काट्यावर ठेवला, चांदीचा भाव सांगितला आणि त्यातून घट वजा केली. त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

'जुने नाणे द्या, लाखो रुपये घ्या' अशा जाहिरातींबद्दल एकच सांगते. त्यांत दाखवतात ती वैष्णोदेवीचे चित्र असलेली नाणी २०१२ ची आहेत. त्यात दुर्मीळ काही नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट कळवले होते की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही आणि त्यासाठी कसलेही शुल्क घेत नाही. विकणाऱ्याकडूनच आधी 'नोंदणीचे' पैसे मागणारा माणूस नाणे घ्यायला आलेला नसतो. आणि परदेशी राहणाऱ्या नातलगांसाठी आणखी एक: शंभर वर्षांहून जुने नाणे कायद्याने पुरावस्तू ठरते, ते बॅगेत टाकून नेता येत नाही.

एवढे सगळे भाचीला लिहिल्यावर परवा तिचा निरोप आला. सासूबाई नाणे विकायला नको म्हणतात, पण दसऱ्याला देवाची तांब्याची भांडी चिंचेने घासताना दरवर्षीप्रमाणे तेही घासून लखलखीत करणार आहेत. मी तिचे फोटो पुन्हा उघडून मोठे करून पाहिले. बाजारात झिजलेल्या नाण्याची उंच अक्षरे सपाट होतात आणि खोलगट भागात काळा मळ धरून राहतो. या नाण्याचे खळगेसुद्धा स्वच्छ, गुलाबीसर होते, आणि दुदांडीच्या रेघा एकाच दिशेने फरपटल्यासारख्या दिसत होत्या. म्हणजे ही शिवराई गिऱ्हाइकांच्या हातांनी नव्हे, त्या घरच्या तीन-चार पिढ्यांच्या सुनांच्या हातांनी गुळगुळीत झालेली असावी. मी ताबडतोब फोन करून या वर्षी तरी नाण्याला चिंच लावू नका म्हणून सांगितले. "बघते," असे सासूबाई म्हणाल्या.