न फेकलेल्या चेंडूचा हिशेब कोण ठेवणार?
बेसबॉलच्या आउटफिल्डरांची (मैदानाच्या मागच्या भागातल्या क्षेत्ररक्षकांची) क्रमवारी तुम्ही नुसत्या असिस्टच्या, म्हणजे धावणाऱ्याला बाद करायला मदत करणाऱ्या थ्रोंच्या, आकड्यावरून लावलीत, तिथेच माझं घोडं अडलं. ज्याच्या हाताचा धाक असतो त्याच्यावर धावायला कुणी धजत नाही, मग त्याचे असिस्ट वाढणार कसे? उलट कच्च्या हातावर सगळेच पळतात, आणि दहातले दोन बाद झाले तरी त्याच्या खात्यात दोन जमा!

२०१४च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, कॅन्सस सिटी विरुद्ध जायंट्स हा सातवा सामना आठवा. नववी, म्हणजे शेवटची इनिंग, दोन बाद (तिसरा बाद झाला की खेळ संपला), कॅन्सस सिटी एका धावेने मागे. त्यांच्या अ‍ॅलेक्स गॉर्डनचा फटका जायंट्सचा आउटफिल्डर ब्लँको याला चकवून भिंतीपर्यंत गेला, तिथे दुसरा आउटफिल्डर पेरेझ याचीही धांदल उडाली. तरी गॉर्डनला थर्ड बेसवरच, म्हणजे धाव पूर्ण होण्याच्या एक टप्पा आधी, थांबवलं, कारण जायंट्सचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) क्रॉफर्ड रिलेसाठी, म्हणजे मागून आलेला थ्रो घेऊन पुढे फेकायला, आउटफिल्डच्या गवतावर बरोब्बर जागेवर उभा होता. पेरेझचा थ्रो त्याच्या पायाशी टप्पा पडून आला, तोही त्याने सफाईने उचलला. होमकडे, म्हणजे धाव पूर्ण होते त्या बेसकडे, चेंडू फेकावाच लागला नाही. पुढचा बॅटर झेलबाद, जायंट्स ३-२ने विजेते.

क्रॉफर्डच्या त्या कामाची स्कोअरशीटवर नोंद? शून्य. (गॉर्डनला पळवायला हवं होतं का, यावर आमच्या घरात अजून भांडणं होतात. मी म्हणतो, नाही.)