चेहरा म्हणजे देवघरातला तांब्या नव्हे

आज स्पष्टच लिहिते, कुणाला लागलं तर लागू दे.

दुपारी भाची आली. सतरा वर्षांची. घरात शिरली तरी तोंडाची ओढणी काढेना. मी ओढून काढली तर गाल लालभडक, नाकाच्या कडेला सालपटं, हनुवटी ताणून चकचकीत झालेली. "मावशी, साधं पाणी लागलं तरी आग होते गं." काय केलंस? तर रात्री लिंबू, सकाळी खायचा सोडा, तोही जुन्या टूथब्रशनं घासून. चार दिवस. का? तर रविवारी साखरपुड्यात एका काकूंनी तिच्या पुटकुळ्या बघून पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं, "तोंड धुतेस की नाही गं नीट?"

पुटकुळ्या मळामुळे येत नाहीत हो काकू! छिद्राच्या आत तेल आणि मेलेल्या पेशी अडकतात, तिथे तुमचा ब्रश पोचतच नाही. तो सोलतो वरचा थर. पेशींच्या विटा आणि मधे चरबीचा गिलावा, असा तो थर असतो. आतलं पाणी आत राखतो, बाहेरची घाण बाहेर. आपली त्वचा मुळात किंचित आंबट, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) पाचच्या आसपास. लिंबाचा दोन, सोड्याचा आठच्या वर. म्हणजे पोरीनं रात्री एकीकडून भिंत खरवडली, सकाळी दुसरीकडून.

मला हे इतकं झोंबतंय कारण मी यातून गेलेय. आमच्याकडे शनिवारी देवाची भांडी घासायची. आई लिंबू कापायची. अर्धं मीठ लावून तांब्यावर, उरलेलं अर्धं माझ्या गालावर. तांब्या लख्ख व्हायचा. मी डोळे मिटून, दात आवळून, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर. "चुरचुरतंय म्हणजे काम करतंय," आई म्हणायची. कॉलेजच्या गॅदरिंगचे माझे फोटो नाहीत. एकही नाही.

हो, काहीजणींना लिंबानं काही होत नाही. असेल. माझ्या नणंदेलाही होत नाही, तिचं कौतुक मी तीस वर्षं ऐकतेय.

आणि ते "गोरं करणारं" स्टिरॉइडचं मलम चिठ्ठीशिवाय काढून देणारे मेडिकलवाले! 2018 मध्ये सरकारनं स्टिरॉइडच्या मलमांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली. कोण विचारतं? आठ दिवस चेहरा काचेसारखा, मग त्वचा पातळ, आणि मलम बंद केलं की पुटकुळ्या दुप्पट. पोरींना रंगावरून बोलायचं नसतं हे माझ्या लिस्टमधल्यांना सांगायची गरज नाही. पण तुमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपला सांगा.

संध्याकाळी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या म्हणाल्या, आधी थर भरू दे, औषध नंतर. सध्या दोन वेळा सौम्य फेसवॉश, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. बस. मग ॲडापलीनचं, म्हणजे पुटकुळ्यांवरच्या औषधाचं जेल, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, एक रात्र आड. फरक दिसायला दोन-तीन महिने. भाचीचा चेहराच पडला, ज्यांचा साखरपुडा झाला त्यांचं लग्न महिन्याभरात आहे ना. फी आणि ट्यूबा स्वस्त नाहीत, हेही कबूल. लिंबू पाच रुपयांना मिळतं.

हे लिहिता लिहिता आईवरचा राग मात्र उतरला. तिला कोण सांगणार होतं? तिच्या हाताशी लिंबू होतं, आणि पोरीचं लग्न कसं होईल ही धास्ती. रात्री मी झोपले की खोबरेल लावलेलं बोट गालांवरून हळूच फिरवायची. मी जागीच असायची. त्या तेलानं छिद्रं आणखी तुंबली असतील, तरी मी कधी बोट झटकलं नाही.

मघाशी भाचीच्या गालाला क्रीम लावलं. आधी "स्स्" केलं तिनं, मग गप्प. थोड्या वेळानं म्हणाली, "मावशी, घासायचं काहीच नाही?"

"आहे ना. कुकर पडलाय सिंकमध्ये."